एकच तार, पाच आवाज : स्टील गिटारच्या निमित्ताने श्रवणाचा एक पाठ



श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही भाषेची चार कौशल्ये आपण डी.एड.ला असताना पाठ केली. त्यात श्रवण पहिलं आहे. आता आपल्या आठवड्याच्या तासिका डोळ्यांसमोर आणा. वाचनाला तास आहे, लेखनाला वही आहे, भाषणाला स्पर्धा आहे. श्रवणाला काय आहे? "नीट ऐका" असं आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, पण त्याचा खरा अर्थ "गप्प बसा" एवढाच असतो. कान कसा वापरायचा हे आपण फारसं शिकवत नाही.

विज्ञानात ध्वनी शिकवतानाही हेच होतं. संगीताच्या पुस्तकात नादाचे तीन गुण दिलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि नादाची जात. पहिले दोन मुलांना पटकन कळतात. शिट्टीचा आवाज उंच, ढोलाचा खालचा. हळू बोललं की लहान, ओरडलं की मोठा. तिसरा गुण मात्र व्याख्येपुरताच राहतो. "ज्या गुणामुळे एकाच पट्टीतले, सारख्याच मोठेपणाचे दोन आवाज वेगळे ओळखता येतात तो गुण" असं लिहून मुलं गुण मिळवतात. बासरी आणि पेटी वेगळी ऐकू येते, हे उदाहरण झालं की धडा संपला.

पण बासरी आणि पेटी ही दोन वेगळीच वाद्यं आहेत. त्यांतला फरक कोणालाही कळतो, त्यासाठी कान लावावा लागत नाही. कानाला खरं काम द्यायचं असेल तर एकाच कुटुंबातली वाद्यं घ्यावीत : तार तीच, वाजवायची रीत तीच, आवाज मात्र वेगवेगळा. माझ्या मते यासाठी स्टील गिटारसारखं दुसरं उदाहरण नाही. हा लेख त्यासाठीच. गिटार विकत घ्यायची गरज नाही. मोबाईल, एक बरा स्पीकर आणि थोडी शांतता पुरेशी आहे.

आधी नावाचा घोटाळा सोडवू

स्टील गिटार म्हणजे स्टीलची बनवलेली गिटार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. यातलं "स्टील" वादकाच्या डाव्या हातात असतं. बोटाएवढी पोलादी कांडी तारांवर टेकवून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. गिटार छातीशी धरायची नाही, मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची. साध्या गिटारमध्ये बोटाने तार दाबली की ती खालच्या धातूच्या पडद्याला टेकते आणि ठरलेला स्वर येतो. स्टील गिटारमध्ये तारा उंच उचललेल्या असतात, त्या पडद्याला टेकतच नाहीत. कांडी जिथे, तिथे स्वर. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात. विचित्रवीणा आणि दक्षिणेतली गोट्टुवाद्यम् ही वाद्यंही तारेवर गोटा किंवा कांडी सरकवूनच वाजवतात.

ही रीत गिटारवर आली ती हवाई बेटांवर. एकोणिसाव्या शतकात तिथे बाहेरून गिटार पोहोचली. ओआहू बेटावरच्या लाइए गावी 1874 साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू या मुलाने शाळकरी वयात तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्याने हे कसं शोधलं याच्या कथा वेगवेगळ्या आहेत, पण श्रेय बहुतेक त्यालाच दिलं जातं. वर्गात हे जरूर सांगा. एक वाद्यप्रकार ज्याच्या नावावर आहे, तो सुरुवात करताना आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांएवढा होता.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनातलं संगीत ऐकून अमेरिका या आवाजाच्या प्रेमात पडली. मागणी वाढली, सभागृहं मोठी झाली, आणि एक अडचण उभी राहिली : लाकडी गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेना. पुढे जे प्रकार निघाले त्यांतले बरेच "आवाज मोठा कसा करायचा" या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. गंमत अशी, की आवाज मोठा करायला गेलं आणि प्रत्येक वेळी आवाजाची जातच बदलली. आपल्या पाठाचा गाभा हाच.

ऐकायचं कसं? तीन प्रश्न

मुलांना नुसतं "फरक सांगा" म्हटलं तर "छान आहे", "वेगळा आहे" एवढंच येतं. त्यांना नेमके प्रश्न हवेत. मी प्रत्येक आवाजाला तीनच प्रश्न विचारते.

1. सुरुवात कशी झाली? टण्णकन, टोचरी, की अलगद?
2. मधला आवाज कसा आहे? भरीव, पातळ, नाकातला, गोल, धातूचा?
3. शेवट कसा झाला? लगेच विझला, की लांबत गेला?

तिसऱ्या प्रश्नाला आमच्या वर्गात मुलांनीच "शेपूट" हे नाव दिलं. "या आवाजाला शेपूट आखूड आहे", "त्याची शेपूट लांब आहे". शब्द इतका चपखल आहे की मीही तोच वापरते. पुढेही तोच वापरला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मनाशी पक्की ठेवू. तार छेडताना बोट तिला ठराविकच शक्ती देतं. ती शक्ती म्हणजे तारेच्या खिशातले पैसे. बारीक तार एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही, म्हणून तिची थरथर कशाला तरी द्यावी लागते, आणि ती वस्तू हवा हलवते. पैसे भराभर खर्च केले तर आवाज मोठा, पण शेपूट आखूड. जपून खर्च केले तर आवाज लहान, पण शेपूट लांब. हे एवढं कळलं की पुढचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत, समजतात.

पहिला आवाज : लाकडाची पेटी

1920 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वाइसेनबॉर्न या कारागिराने मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारी बनवल्या. साध्या गिटारचा दांडा भरीव असतो. वाइसेनबॉर्नच्या गिटारचा दांडाही आतून पोकळ, म्हणजे पेटीतली हवा थेट वरपर्यंत. लाकूड बहुधा कोआचं. हे हवाईतलं झाड आपल्या बाभळीच्या नात्यातलं आहे.

इथे तारेची थरथर घोडीतून लाकडाच्या पातळ फळीला मिळते आणि फळी व आतली हवा मिळून आवाज करतात. लाकूड तीक्ष्ण, बारीक कंपनं बरीचशी गिळून टाकतं. म्हणून सुरुवात मऊ, मधला आवाज उबदार आणि गोल, शेपूट मध्यम. खोलीत बसून कोणीतरी आपल्यासाठीच वाजवतंय असं वाटतं. कमतरता एकच : मोठ्या सभागृहात हा आवाज हरवतो.

दुसरा आवाज : धातूचा द्रोण

जॉर्ज बोशाम नावाच्या हवाईयन गिटारवादकाला आपला आवाज वाद्यवृंदात ऐकू यावा असं वाटत होतं. तो जॉन डोपेरा या स्लोव्हाक वंशाच्या कारागिराकडे गेला. डोपेराने लाकडी फळीऐवजी ॲल्युमिनियमचे अगदी पातळ पत्र्याचे शंकू बसवले. आकाराने आपल्या पत्रावळीबरोबरच्या द्रोणासारखे. लाऊडस्पीकरमध्ये कागदाचा शंकू हलतो तसे हे तारेच्या थरथरीने हलतात. 1927 मध्ये बाजारात आलेल्या "नॅशनल" गिटारमध्ये असे तीन द्रोण होते आणि अंग होतं जर्मन सिल्व्हरचं. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. विज्ञानाच्या तासाला संमिश्राचं हे एक चांगलं उदाहरण आहे.

तीन द्रोणांच्या गिटारचा आवाज मोठा, चकचकीत, तरी गुळगुळीत असतो, आणि शेपूट बऱ्यापैकी लांब. मग डोपेरा भाऊ वेगळे झाले आणि 1928 मध्ये त्यांनी "डोब्रो" काढली. हे नाव "डोपेरा ब्रदर्स"वरून पडलं, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ "चांगलं" असाही होतो. यात द्रोण एकच, वाटीसारखा सुलटा ठेवलेला. त्यावर कोळ्यासारखी आठ पायांची धातूची चौकट, आणि अंग बहुधा लाकडी. नॅशनलनेही स्वस्तातली एक द्रोणाची गिटार काढली. तिच्यात द्रोण उपडा, आणि त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती.

आता ऐका. उपड्या द्रोणाची गिटार टणक वाजते. सुरुवात धारदार, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, शेपूट आखूड. हलका द्रोण तारेचे पैसे भराभर उधळतो, म्हणून. डोब्रोचा आवाज थोडा नाकातला, अनुनासिक, आणि शेपूट जरा लांब. अमेरिकेतल्या ब्लूग्रास लोकसंगीतात तुम्हाला हीच ऐकू येईल. एकच धातू, एकच आकार. पण द्रोण सुलटा की उपडा, एक की तीन, त्यावर काय टेकवलं, एवढ्याने आवाजाची जात बदलते. मुलांना हा भाग फार आवडतो, कारण द्रोण त्यांनी हाताळलेला असतो.

तिसरा आवाज : चुंबक आणि वीज

त्याच बोशामने पुढे अॅडॉल्फ रिकनबॅकरबरोबर आणखी एक पाऊल टाकलं. 1931 च्या सुमारास त्यांनी विजेवरची स्टील गिटार तयार केली आणि 1932 मध्ये ती विक्रीला आली. अंग ॲल्युमिनियमचं, लहान आणि गोल, त्याला लांब दांडा. अगदी तव्यासारखी दिसायची, म्हणून लोक तिला "फ्राइंग पॅन" म्हणू लागले. व्यापारी पातळीवर यशस्वी झालेली ही पहिली इलेक्ट्रिक गिटार मानतात. ती उभी धरायची गिटार नव्हती, मांडीवरची स्टील गिटार होती, हे पुष्कळ गिटार शिकणाऱ्यांनाही माहीत नसतं.

तत्त्व सायकलच्या डायनामोचं. तारांजवळ चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की गुंडाळीत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. ॲम्प्लिफायर तो मोठा करतो, स्पीकर ऐकवतो. इथे नायलॉनची तार चालणार नाही. का, ते मुलांना विचारा. ज्यांनी चुंबकाला टाचण्या चिकटवल्या आहेत ती बरोबर सांगतील.

पण आपला खिशातल्या पैशांचा हिशेब आठवा. आता हवा हलवण्याचं काम स्पीकरचं. अंग भरीव असल्यामुळे ते तारेकडून फारसं काही मागत नाही. तारेचे पैसे तारेकडेच राहतात आणि ती खूप वेळ थरथरत राहते. म्हणून विजेवरच्या स्टील गिटारची शेपूट लांबच लांब. आवाज गुळगुळीत, एका धाग्यासारखा, माणसाने "आ" लावून ठेवल्यासारखा. लाकडाचा ऊबदारपणा मात्र गेला. तो येत होता पेटीतून, आणि पेटीच उरली नाही.

एक मजेदार अडचणही आली. दिव्यांच्या उष्णतेने ॲल्युमिनियम प्रसरण पावायचं आणि गिटार बेसूर व्हायची. म्हणून पुढे 1935 च्या सुमारास बॅकेलाइट या टणक प्लास्टिकचं अंग आलं. "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात" या वाक्याला रेल्वेच्या रुळांच्या जोडीला हेही उदाहरण देता येईल.

हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. हिंदी चित्रपटगीतांच्या धून रेडिओवर किंवा लग्नाच्या कार्यालयात गिटारवर वाजताना तुम्ही ऐकल्या असतील. शब्द नाहीत, पण गिटार जणू गातेच आहे. लखनौहून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आलेले व्हॅन शिपली हे या प्रकारातलं मोठं नाव. आपल्याकडे या वाद्याला "हवाईयन गिटार" म्हणतात, ते त्याच्या जन्मस्थानावरून.

चौथा आवाज : पायाने बदलणारे स्वर

मांडीवरच्या गिटारला एक मर्यादा आहे. कांडी सरळ असते, पट्टीसारखी. ती सरकवली की सगळ्या तारा एकत्र चढतात, एकत्र उतरतात. एकच तार चढवायची आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या, हे फार अवघड. वादकांनी यावर दोन-तीन गिटारी एकाच टेबलावर बसवून पाहिल्या, प्रत्येक वेगळ्या सुरात लावलेली. मग कारागिरांनी पायात पेडल दिलं. पेडल दाबलं की आतल्या सळईने ठराविक तार ताणली जाते. बड आयझॅक्स या वादकाने 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या एका गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि अमेरिकेच्या कंट्री संगीताचा आवाजच बदलला.

हे आपल्या स्वरांत सांगते. दहा तारांच्या पेडल स्टीलच्या नेहमीच्या जुळणीत सा, ग, प या तारा एकत्र छेडल्या असं समजा. एका पेडलने प ची तार चढून ध होते. दुसऱ्याने ग ची तार चढून म होते. सा जागेवरच. म्हणजे सा-ग-प वाजता वाजता, मध्ये न तुटता, सा-म-ध होतं. एक स्वर स्थिर आणि दोन त्याच्यापासून हळूच वर सरकणारे. पेटीवर सा धरून ग-प वरून म-ध वर जा, स्वर तेच मिळतील. पण पेटीवर उडी ऐकू येते, इथे घसरण ऐकू येते.

दुसरी करामत उजव्या पायाची. तिथे आवाज कमीजास्त करायचं पेडल असतं. वादक तार छेडताना आवाज थोडा दाबून ठेवतो आणि तार विझत जाईल तसा तो हळूहळू उघडतो. परिणाम? छेडल्याची टोचरी सुरुवात झाकली जाते आणि शेपूट बारीकच होत नाही. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिला आणि तिसरा, दोन्हीची उत्तरं वादक पायाने बदलतो. म्हणून पेडल स्टील कधी व्हायोलिनसारखं वाटतं, कधी रडल्यासारखं.

पाचवा आवाज : तरफांची गुंजन

टाऊ मो हे हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह जगभर फिरले. 1940 च्या दशकात ते काही वर्षं कलकत्त्यात राहिले, आणि बंगालमध्ये हवाईयन गिटार चांगलीच रुजली. पण या गिटारवर राग वाजवणं ही वेगळी गोष्ट. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून ते साधलं. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967 ची "कॉल ऑफ द व्हॅली" ही ध्वनिमुद्रिका आजही सहज मिळते. संतूर, बासरी आणि गिटार असे तीन आवाज वेगळे करून ऐकायला ती उत्तम.

पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारी आणि तरफा जोडून मोहनवीणा घडवली. राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. तरफा म्हणजे मुख्य तारांच्या खाली असलेल्या बारीक तारा. सतार, सारंगीत असतात तशाच. त्यांना कोणी हात लावत नाही. मुख्य तारेवर जो स्वर वाजला, त्या स्वरात लावलेली तरफ आपोआप थरथरू लागते. झोक्याला त्याच्याच लयीत हलके धक्के दिले की तो उंच जातो ना, तसंच हे. म्हणून इथे मुख्य स्वर विझला तरी मागे एक गुंजन उरते. शेपूट एका तारेची नाही, अनेक तारांची. शिवाय चिकारीचा झणत्कार मधून मधून चालू. पेटी लाकडाची असल्यामुळे सुरुवात मऊच, पण खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

वर्गात कसं घ्यायचं?

दोन तासिका पुरतात. पहिली हाताने करायची, दुसरी ऐकायची. पाचवी ते सातवीला उत्तम जमतं. तिसरी-चौथीला फक्त उपक्रम घ्या.

*उपक्रम 1 : रबर आणि तीन पेट्या.* एकच रबर बँड आधी दोन बोटांत ताणून छेडा. मग पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यावर, मग स्टीलच्या उघड्या डब्यावर. ताण शक्यतो सारखा ठेवा. प्रत्येक वेळी छेडण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. मग तीन प्रश्न विचारा.

*उपक्रम 2 : मोबाईल कुठे ठेवला?* तोच रिंगटोन, तेवढ्याच आवाजात. मोबाईल टेबलावर, मग स्टीलच्या पेल्यात, मग मातीच्या छोट्या मडक्यात, मग पुठ्ठ्याच्या डब्यात. मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. पेल्यातला आवाज आणि मडक्यातला आवाज जवळजवळ सगळी मुलं ओळखतात. लाकडी पेटी आणि धातूचा द्रोण यांतला फरक आता सांगावा लागत नाही.

*उपक्रम 3 : कांडी सरकवा.* फळीवर दोन खिळे ठोकून तंगूस घट्ट बांधा. दोन्ही टोकांखाली पेन्सिली सरकवून तो उचला. एका मुलाने छेडायचं, दुसऱ्याने काचेची छोटी गुळगुळीत बाटली अलगद टेकवून सरकवायची. स्वर वर-खाली घसरताना ऐकू येतो. बांधण्याचं काम आपण करायचं. धातूची तार वापरू नका, तुटली तर डोळ्याला लागू शकते.

*उपक्रम 4 : पाच आवाज.* वरच्या पाच प्रकारांचे प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे तुकडे निवडा. शक्य तो एकट्या वाद्याचे घ्या, तबला-ढोलाच्या गर्दीतले नकोत. प्रत्येक तुकडा दोनदा ऐकवा. फळ्यावर सुरुवात, मध, शेपूट असे तीन रकाने. मुलांनी स्वतःचे शब्द लिहायचे. "पत्र्यावर पाऊस", "लोण्यावर सुरी", "विहिरीत हाक" असे शब्द आले तर खोडू नका, तेच तर हवे आहेत. नावं शेवटी सांगा. आधी सांगितली तर मुलं नाव ऐकतात, आवाज ऐकत नाहीत.

एक सूचना. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमध्ये खालचे भरीव आवाज नीट येत नाहीत, आणि लाकडी गिटारही पत्र्यासारखी वाजते. म्हणून या उपक्रमाला बरा स्पीकर हवाच. हीच गोष्ट मुलांना करूनही दाखवा : तोच तुकडा आधी मोबाईलवर, मग स्पीकरवर.

आणि हेही लक्षात असू द्या, की आवाज फक्त वाद्य ठरवत नाही. तार घोडीजवळ छेडली तर तीक्ष्ण येते, लांब छेडली तर मऊ. कांडीचं वजन, बोटात नखी आहे की नाही, ध्वनिमुद्रण कसं झालं, सगळ्याचा परिणाम होतो. एखाद्या मुलाने डोब्रोला मऊ म्हटलं तर "चूक" म्हणू नका. "तुला कुठे मऊ वाटली? पुन्हा ऐकूया" म्हणा.

याचा भाषेशी काय संबंध?

खूप आहे. चहातला च आणि चाकातला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण ते दोन वेगळे आवाज आहेत. न आणि ण, ल आणि ळ यांत गोंधळणाऱ्या मुलाला आपण दहा वेळा लिहायला लावतो. त्याला तो फरक ऐकू येतोय का, हे मात्र क्वचितच पाहतो. जे ऐकूच येत नाही ते वहीत बरोबर कसं उतरणार? ज्यांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे, अशा मुलांना तर हे कानाचं शिक्षण आधी हवं. "सुरुवात, मध, शेवट" हे तीन प्रश्न शब्दालाही लागू पडतात. गिटारवर तयार झालेला कान श्रुतलेखनात उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या खेळात एखादं मूल वारंवार मागे पडतं, शेपूट कधी संपली ते त्याला कळत नाही, उत्तर देताना शेजारच्याकडे बघतं. ते मूल "लक्ष न देणारं" म्हणून शिक्के खात असेल, आणि खरं कारण कानात असेल. सर्दी साचून किंवा कान फुटल्यामुळे ऐकू कमी येणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. हा खेळ म्हणजे तपासणी नव्हे, त्यावरून निदान करू नका. पण शंका आली तर पालकांशी शांतपणे, एकट्यात बोला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून सांगा. तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवा.

पालकांसाठी दोन शब्द

घरी वेगळं काही आणायला नको. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं टीव्ही बंद करा. एखादी धून लावा आणि मुलाला विचारा, "याची शेपूट कशी आहे?" मग घरातले आवाज घ्या. कुकरची शिट्टी, पितळेची घंटा, स्टीलचं ताट, पाण्याचा माठ. ताट वाजवून सोडा आणि कधी विझतं ते दोघांनी मिळून ऐका. मग ताटाच्या कडेला बोट टेकवा. शेपूट तुटेल. थरथर म्हणजे ध्वनी, हे त्याला बोटाने कळेल.

आणि मूल म्हणालं, "बाबा, मला गिटार शिकायची", तर आधी कोणत्या आवाजासाठी शिकायची ते त्याला विचारा. बोटांनी दाबून वाजवायची साधी गिटार वेगळी, मांडीवर ठेवून कांडीने वाजवायची वेगळी. दोन्हीचे शिक्षक वेगळे, सराव वेगळा. मुलाने दोन्ही आवाज नीट ऐकून मग ठरवलं, तर ती त्याची स्वतःची निवड असेल.

नादाची जात ही व्याख्या परीक्षेत येते तेव्हा मुलांनी ती जरूर लिहावी. पण लिहिताना त्यांच्या कानात लाकडी पेटीची ऊब, द्रोणाचा टणत्कार आणि तरफांची गुंजन वाजत असावी. मग ती व्याख्या त्यांना पाठ करावी लागणार नाही.

येत्या शनिवारच्या तासिकेला रबर बँड आणि दोन डबे घेऊन सुरुवात करून बघा.